आईला इथं मामा म्हणतात

“गळ्यातलं काढ म्हणून राहिली बाई,” शेषेराव म्हणाला.

पंचाक्षरी कमरेपर्यंत उघडा, एक्स-रेच्या यंत्रासमोर उभा होता. फरशी गार होती. त्यानं गळ्यातल्या चांदीच्या डबीवर हात ठेवला. डबीत इष्टलिंग होतं.

“हे काढत नसतेत.”

“चांदी हाय. फोटोत येतंय.”

“येऊ द्या. अंगावेगळं करायचं नसतंय. पाळण्यात असताना बांधलंय.”

यंत्रामागची बाई पुन्हा काहीतरी बोलली, या वेळी जरा वरच्या आवाजात. दाराबाहेर दहा-बारा देशांची पोरं रांगेत उभी होती. शेषेरावनं मान खाजवली. तो नांदेडकडचा, हिमायतनगरचा. मॉस्कोत त्याचं हे चौथं वर्ष. नव्या हिंदुस्थानी पोरांना घेऊन दवाखान्यात यायचं, डॉक्टरचं त्यांना आणि त्यांचं डॉक्टरला सांगायचं, हे काम विद्यापीठानं त्याच्यावर टाकलं होतं. लिंगायतांची घरं त्याच्याही गावात होती. पोरगा उगाच हट्टाला पेटलेला नाही हे त्याला कळत होतं.

“मुठीत धरशील का? मुठीत धरलं तर अंगालाच लागून हाय की.”

पंचाक्षरीनं विचार केला. तेवढं चालण्यासारखं होतं. त्यानं दोरा डोक्यावरून काढला, डबी उजव्या मुठीत घट्ट धरली आणि छाती यंत्राला टेकवली. बाईनं श्वास रोखायला सांगितलं. शेषेरावनं ते मराठीत सांगेपर्यंत त्यानं तो रोखलेलाच होता.

सन ब्याऐंशीचा सप्टेंबर होता. पंचाक्षरी त्याच आठवड्यात मॉस्कोत उतरला होता. औशाकडचं कवठाळी हे त्याचं गाव. शिकायला तो लातूरच्या बोर्डिंगात राहिला, आणि कॉलेजातल्या एका सरांनी भरायला लावलेल्या अर्जावर त्याला इंजिनियरिंगची शिष्यवृत्ती मिळाली. पहिलं वर्ष नुसती भाषा शिकायची, मग पाच वर्षं शिक्षण. तो निघाला त्याच्या थोडं आधी, ऑगस्टात, लातूर जिल्हा झाला होता. गावभर कमानी, गुलाल. त्याच गर्दीत गंजातल्या, म्हणजे बाजारपेठेतल्या, व्यापाऱ्यांनी त्यालाही हार घातला, आणि ‘नव्या जिल्ह्याचा पहिला पोरगा परदेशी’ असं एका साप्ताहिकात छापून आलं. बाप ईश्वरप्पा तो कागद धोतराच्या सोग्यात बांधून आठवडी बाजारात फिरला. वाचता येत नव्हतं, पण फोटो कुठे आहे ते त्याला माहीत होतं.

शहराचं पंचाक्षरीला पहिल्या दिवशी काहीच कळलं नाही. रस्ते एवढे रुंद, की पलीकडच्या बाजूच्या माणसांचे चेहरे दिसत नव्हते. जमिनीखालच्या रेल्वेकडे नेणारा जिना आपोआप उतरत होता. त्यावर पाय टाकायला तो घाबरला, तर मागच्या म्हातारीनं त्याच्या पाठीला हात लावून हलकेच पुढे ढकललं. एवढी माणसं असून आवाज नव्हता. जेवणघरात प्रत्येक ताटात मांस. पहिले दोन दिवस त्यानं आईनं दिलेल्या कडक भाकरी शेंगाच्या चटणीशी खाल्ल्या. मग शेषेरावनं दाखवलं की इथे ताकासारखं एक मिळतं, काळा पाव मिळतो, बटाटे मिळतात. “मेलं न्हाई कोणी अजून,” तो म्हणाला.

सगळ्या नव्या पोरांचे एक्स-रे झाले, आणि दोन दिवसांनी त्यातल्या एकालाच परत बोलावणं आलं.

डॉक्टरीण साठीच्या आसपासची होती. नाव वेरा इवानोव्हना. तिनं एक्स-रेची फिल्म उजेडावर धरली आणि उजव्या बाजूला वर, नखाएवढ्या पांढुरक्या ठिपक्यावर पेन्सिल ठेवली. मग कागद पुढे ओढून विचारायला लागली. नाव, वय, जन्मगाव.

“जिल्हा लातूर,” पंचाक्षरी म्हणाला.

“पासपोर्टवर उस्मानाबाद हाय.”

“ते जुनं. आता आमचा जिल्हा लातूर.”

“अरे बाबा, यांना उस्मानाबाद ठाव न्हाई, लातूर कुठून ठाव असणार?” शेषेराव म्हणाला, पण डॉक्टरणीला त्यानं लातूरच सांगितलं. तिनं विचारून विचारून ते लिहिलं.

पुढचा प्रश्न लांबलचक होता. शेषेरावनं तो ऐकला आणि पंचाक्षरीकडे न बघताच उत्तर दिलं, “न्येत.” नाही, याला रशियनमध्ये न्येत म्हणतात, एवढं पंचाक्षरीला तोवर कळायला लागलं होतं.

“काय इचारलं?”

“घरात कोणाला टीबी होता का, तुला लहानपणी झाल्ता का. न्हाई म्हनलं. हाव म्हनलं की परत धाडतेत. तू कामून फिकर करतोस? मी हाय ना.”

पंचाक्षरीनं तोंड उघडलं होतं ते मिटलं. शेषेरावनं पहिल्याच दिवशी त्याला सांगितलं होतं, ‘लातूरच्या गंजात आमचे पाव्हणे हायत, येणंजाणं हाय.’ ते त्याच्या डोक्यात होतं.

संध्याकाळच्या आत त्याला शहराच्या कडेच्या एका रुग्णालयात नेऊन ठेवलं. घरात कोणाला नाही, पूर्वी कधी नाही, म्हणजे डाग नवा असणार. नवा असेल तर तो इतर पोरांत राहता कामा नये. असा तो हिशेब होता. शेषेरावच्या ‘न्येत’नंच त्याला तिथे आणलं होतं, पण हे त्या दिवशी दोघांनाही कळलं नाही.

खोलीत तीन खाटा होत्या. एक रिकामी, एक पंचाक्षरीची आणि खिडकीजवळची फ्योदर नावाच्या म्हाताऱ्याची. तो ट्राम चालवायचा. म्हणजे हे त्यानं ओठांनी घंटा वाजवून आणि हातानं दांडा फिरवून सांगितलं. खिडकीबाहेर पांढऱ्या सालीची झाडं होती आणि त्यांची पानं रोज आणखी पिवळी होत होती. सकाळी नर्स यायची, थर्मामीटर काखेत द्यायची, रक्त न्यायची, थुंकी न्यायची. कोणी काही सांगायचं नाही. सांगितलं असतं तरी कळलं नसतं.

होस्टेलातल्या पोरांचे वर्ग सुरू झाले होते. पंचाक्षरी खाटेवर पडून छताकडे बघायचा. परत पाठवलं तर? लातूरच्या स्टँडवर उतरायचं, गंजातून जायचं. हार घालणारे विचारणार, ‘कामून रं परत आलास?’ काय सांगायचं?

आणि खरं सांगायचं तर डाग कुठून आला हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

बहात्तर साली तो आठ-नऊ वर्षांचा होता. विहिरी आटल्या, जनावरं विकली, आणि घरदार पाझर तलावाच्या कामावर गेलं. ईश्वरप्पा आणि आई मल्लम्मा खडी फोडायचे. तिथेच तट्ट्याच्या खोपटात राहायचं. तिथे मल्लम्माला खोकला लागला, आणि काही महिन्यांत पोराला ताप यायला लागला, मानेत गाठी आल्या. कामावर एक सरकारी डॉक्टर तंबू ठोकून बसायचा. त्यानं दोघांना सुया सुरू केल्या. पुढे काम बंद पडलं, तंबू उठला. ईश्वरप्पानं पोराला औशाला नेऊन नेऊन सगळ्या सुया पुऱ्या केल्या. मल्लम्मानं आपल्या अर्ध्यावरच सोडल्या. पेरणी आली होती, आणि तिला बरंही वाटत होतं.

घरात त्या दुखण्याचं नाव कधी निघालं नाही. पोराला सांगितलं, तुला गोवर आला होता. आईला पित्त आहे. तिचा पेला मात्र वेगळ्या फळीवर पालथा असायचा, आणि खोकल्याची उबळ आली की ती परसात जायची. तेरा-चौदा वर्षांचा असताना पंचाक्षरीनं लातूरच्या दवाखान्याच्या भिंतीवर एक पाटी वाचली. त्यात लिहिलेलं सगळं त्याच्या घरात होतं. तो घरी आला आणि काही बोलला नाही. त्या घराची तशीच रीत होती. आता तर थोरली बहीण नागम्मा हिचं उदगीरच्या घरी ठरलं होतं, वैशाखात लग्न होतं. टीबीच्या घरातली पोरगी कोण करून घेणार?

रविवारी शेषेराव भेटायला आला. सफरचंदं आणि रशियन भाषेचं पहिलं पुस्तक घेऊन. चेहरा उतरलेला होता.

“डॉक्टरला इचारलं मी. ताजा डाग असल तर इलाज करतेत आन् घरी धाडतेत. जुना, बरा झालेला असल तर काय न्हाई, वर्गात बसायचं. म्हणूनच त्या इचारून राहिल्त्या.” तो खाटेच्या कडेला बसला. “मी घाई केली. आता खरं सांग. लहानपणी काय झाल्तं का तुला?”

एका शब्दात सुटका होती. पंचाक्षरीनं शेषेरावकडे बघितलं. चांगला माणूस होता. पण तो बोलायचा मराठीत, गावच्या मराठीत, आणि ते शब्द त्या भाषेत बोलले की लातूरला पोचलेच, असं पंचाक्षरीला वाटलं.

“न्हाई,” तो म्हणाला.

“कोणाला घरात?”

“न्हाई.”

शेषेराव उठला, पुस्तक उशाशी ठेवलं. “वाच जमंल तसं. खामखा पडून काय करतोस,” असं म्हणून गेला.

पुस्तकात चित्रं होती. घर, टेबल, खिडकी. फ्योदरला काम मिळालं. तो एकेका चित्रावर जाड बोट ठेवायचा, शब्द म्हणायचा, पंचाक्षरीकडून म्हणवून घ्यायचा आणि चुकलं की खोकत खोकत हसायचा. एकदा त्यानं पाकिटातून एक जुना फोटो काढला. रुमाल बांधलेली एक म्हातारी.

“मामा,” तो म्हणाला.

पंचाक्षरी गोंधळला. त्यानं फोटो नीट बघितला. बाईच होती. फ्योदरनं दोन्ही हात बाळ धरल्यासारखे केले आणि झुलवले. “मया मामा.”

आईला इथे मामा म्हणतात! पंचाक्षरीला त्या रुग्णालयात पहिल्यांदा हसू आलं. त्याचा मामा मिशीवाला होता, निलंग्याला राहायचा. तो हसतोय म्हणून फ्योदरही हसला. आणि हसता हसताच पंचाक्षरीच्या मनात आलं, की ही भाषा आपल्या गावात कोणालाच येत नाही.

त्यानंतर तो शब्द मागायला लागला. फ्योदर खोकला की बोट दाखवायचा: हे काय? काशेल. नर्सनं सुई टोचली की विचारायचा: हे? उकोल. लहान पोराची उंची हातानं दाखवायचा: मालेन्की. पेला उपडा करून हलवायचा, थेंब नाही असं दाखवायचा. फ्योदर थोडा वेळ बघत राहायचा आणि म्हणायचा, “वदी न्येत.” पाणी नाही. ‘न्येत’ तर पंचाक्षरीला येतच होतं. अंगणातल्या खड्यावरून ‘कामेन’ मिळाला, दगड. आजारी होती याला बलेला. हा पोरगा घर, टेबल, खिडकी सोडून असले शब्द का गोळा करतोय, ते म्हाताऱ्यानं विचारलं नाही.

पंचाक्षरीनं ते शब्द ओळीला लावले, मोडले, पुन्हा लावले. घरी कधी न बोललेली गोष्ट तो तोंडातल्या तोंडात बोलत होता, आणि भाषा परकी असल्यानं ती जड वाटत नव्हती. निदान तोपर्यंत तरी नाही.

वेरा इवानोव्हना फेरीवर आली तेव्हा तो खाटेवरून उठून उभा राहिला. वर्गात सर आल्यावर पोरं राहतात तसा.

“मया मामा,” तो म्हणाला. “बलेला. काशेल.”

डॉक्टरीण थांबली.

“या मालेन्की.” त्यानं हातानं उंची दाखवली, मी लहान. “उकोल. उकोल, उकोल, उकोल.” त्यानं शर्ट खांद्यावरून सरकवून दंड दाखवला, मग कमरेखाली हात लावला.

तिनं काहीतरी विचारलं. ‘कधी’ असणार. त्यानं तिच्याच कागदाच्या कोपऱ्यात १९७२ लिहिलं. तिनं आणखी विचारलं. ‘का, कसं’ असणार. त्याच्याकडे दुष्काळाला शब्द नव्हता.

“वदी न्येत,” तो म्हणाला. “मामा, पापा...” त्यानं मूठ वळून तळव्यावर आपटली, पुन्हा आपटली. “कामेन. कामेन.”

डॉक्टरणीनं पेन खिशाला लावलं आणि फ्योदरच्या खाटेच्या कडेला बसली. मग हळू, सुटं सुटं करून, त्याला कळेल असं विचारलं:

“मामा सिचास?”

सिचास म्हणजे आत्ता. नर्स रोज म्हणायची, सिचास, सिचास, आले आले. आई आता कशी आहे?

या प्रश्नाचं उत्तर त्यानं तयार केलेलं नव्हतं. आपली सुटका होईल एवढंच त्यानं जुळवलं होतं. पुढचं त्याच्या मनात आलंच नव्हतं. निघायच्या सकाळी मल्लम्मा त्याला स्टँडवर सोडायला आली नाही. दारातून परसात गेली, आणि बैलगाडी वळली तरी परसातून आवाज येत होता.

“काशेल,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरणीनं शेषेरावला बोलावून घेतलं. तिच्या खोलीत ती बराच वेळ बोलली. शेषेराव आधी भराभर मान हलवत होता, मग त्याची मान हलायची थांबली. तो पंचाक्षरीकडे वळला.

“तुझा डाग जुना हाय म्हणतेत. बरा झालेला. थुंकीत काय निघालं न्हाई. दर सहा महिन्याला फोटो काढायचा, बाकी वर्गात बस.” त्यानं आवाज बारीक केला. “आन् म्हणून राहिल्या, तुझ्या आईला टीबी हाय. दवा अर्धी सोडलेली. अजून इलाज होतो, पण लई थांबू नका म्हणतेत. घरी कळव.”

दहा वर्षांत त्या घराबद्दल तो शब्द कोणी मराठीत बोललं नव्हतं. पंचाक्षरीनं मान खाली घातली. डॉक्टरणीनं टेबलावरून हात पुढे केला, त्याचा हात एकदा दाबला आणि पुढचा कागद ओढला.

दोघं ट्रामच्या थांब्यापर्यंत चालत आले. मग शेषेराव म्हणाला, “मला कामून न्हाई सांगितलंस?”

“तुमचे पाव्हणे हायत गंजात.”

शेषेरावला राग आला असता तरी चाललं असतं. पण त्यानं विचार केला आणि म्हणाला, “हायत. तोंडानं बी फाटके हायत.” ट्राम आली, त्यांनी ती जाऊ दिली. “चूक माझी हाय. मी तुला न इचारता न्हाई म्हनून टाकलं. आता पत्र लिहितोस का घरी?”

“अप्पाला वाचता येत न्हाई. सिद्धलिंगाच्या दुकानात नेऊन वाचून घेतेत. तिथं चार माणसं बसलेली असतेत. बहिणीचं लग्न हाय वैशाखात.”

“मग पत्र नको,” शेषेराव म्हणाला. “मी जाऊन राहिलो जानेवारीत, भावाच्या लग्नाला. मी बघतो.”

“काय बघता?”

“ते मला तरी कुठं ठाव हाय अजून?”

पंचाक्षरी वर्गात बसायला लागला तेव्हा पोरं बरीच पुढे गेली होती. शिक्षिका दुकानात काय बोलायचं, रस्ता कसा विचारायचा ते शिकवत होती. त्याला पाव मागता येत नव्हता. हळूहळू तेही आलं. बर्फ पडलं. बर्फाचं कौतुक दोन दिवस टिकलं, मग बूट ओले राहायला लागले. सुटीच्या दिवशी तो फ्योदरला भेटायला जायचा. एकदा गेला तर खाटेवर दुसराच माणूस होता. नर्सनं सांगितलं ते त्याला या वेळी सगळं कळलं. तो पिशवीतली सफरचंदं त्या दुसऱ्या माणसाला देऊन परत आला.

घरी तो पत्रं लिहायचा: मी खुशाल आहे, थंडी आहे, अभ्यास चालू आहे. घरून सिद्धलिंगाच्या अक्षरात यायचं: आम्ही सर्व खुशाल आहोत.

जानेवारीत शेषेराव गेला आणि फेब्रुवारीत परत आला. होस्टेलच्या स्वयंपाकघरात पंचाक्षरी बटाटे सोलत होता. शेषेराव स्टूल ओढून समोर बसला. जाताना होता त्यापेक्षा काळा झाला होता.

“कवठाळीला जाऊन आलो,” तो म्हणाला.

पंचाक्षरीनं सुरी खाली ठेवली.

“अप्पाला गोठ्याकडं घेऊन गेलो. म्हनलं, सरकारी नियम हाय. परदेशात पोरगा शिकायला असल तर आईबापाची तपासणी करावी लागती. छातीचा फोटो, थुंकी, समदं. माझ्या बी आईबापाची झाली. न्हाई केली तर पोराचं नाव कमी करतेत.”

“असा नियम हाय?”

“कुठला नियम? ट्रेनमधी बसल्या बसल्या केला.” शेषेरावनं एक बटाटा उचलून हातात फिरवला. “अप्पा म्हनले, मग लातूरला करू. मी म्हनलं, लातूर नवा जिल्हा हाय, तिथली मशीन यायची हाय अजून. ही तपासणी नांदेडलाच होती. लातूरला केलं असतं तर सांजच्याला गंजात कळलं असतं.”

“मग?”

“दोघांला घेऊन गेलो. माझी बहीण गुणाबाई राहती नांदेडला, मेव्हणा रेल्वेत हाय. तिच्याकडं उतरलो. अप्पाचा फोटो साफ. मावशींचा, तुझ्या आईचा...” त्यानं बटाटा ठेवला. “सुया चालू झाल्या. दोन महिने रोज घ्यायच्या, मग गोळ्या, दीड वर्ष. दोन महिने त्या गुणाबाईकडंच राहतेत. गावात सांगितलं, पोराच्या सरकारी कामाला नांदेडला गेल्यात. कोणाला शंका बी आली न्हाई. उलट सरपंच म्हनला, काय मोठं काम असल ते करून या.”

पंचाक्षरीनं उगाच पातेल्यातलं पाणी कमी केलं, पुन्हा घातलं.

“दवाखान्यात नर्सनं इचारलं, या कोण लागतेत तुमच्या? गुणाबाई म्हनली, मावशी हाय माझी, सख्खी. आता दोघी डबा घेऊन जातेत रोज. येताना नदीवर बसतेत. पहिल्या दिवशी मी बी होतो संग. मावशी लई वेळ पाण्याकडं बघून राहिल्या. मग म्हनल्या, हे समदं पाणी कुठं जातंय? मी म्हनलं, आंध्रात. म्हनल्या, असं कसं जाऊ देतेत?”

पंचाक्षरी हसला. हसताना नाकातून पाणी आलं, ते त्यानं बाहीला पुसलं.

“सुधारतंय का?”

“डॉक्टर म्हनला, उशीर झालाय, पण होईल. एका बाजूचं फुप्फुस लई खराब हाय. जड काम आता न्हाई जमायचं त्यांना.” शेषेरावनं स्टूल पुढे ओढलं. “मी निघताना मला बाजूला बोलावलं त्यांनी. एक गोष्ट सांगितली. तुला सांगू नको म्हनल्या, पण सांगतो.”

“काय?”

“म्हनल्या, ‘बाबा, तुम्ही परत जाऊन राहिलात, तर पोराला माझ्या बिमारीचं बोलू नका. त्याला काय बी ठाव न्हाई. लहान असल्यापासून कळू दिलं न्हाई आम्ही. तिथं एकटा हाय, त्याचं अभ्यासातलं मन उडंल.’”

खिडकीच्या काचेवर बाहेरून बर्फाची कड धरली होती. शेजारच्या चुलीवर कोण्या पोराचं दूध उतू चाललं होतं. शेषेरावनं हात लांब करून आच कमी केली.

“मग तुम्ही काय म्हनलात?”

“काय म्हननार? न्हाई सांगत म्हनलं. शपथ घातली त्यांनी.”

पंचाक्षरीनं सुरी उचलली. अर्धा सोललेला बटाटा हातात घेतला.

“मला ठाव न्हाई,” तो म्हणाला.

“हाव,” शेषेराव म्हणाला. “तुला ठाव न्हाई.”

मग त्यानंही दुसरी सुरी घेतली आणि दोघं बटाटे सोलत बसले.